नानांची डबल बेल

लग्नपत्रिकेवर छापलेली वेळ खरी धरून मंगल कार्यालयात जाणारा माणूस अख्ख्या बीड शहरात आता एकच उरला असावा, आणि तो आमच्या गल्लीत राहतो. मुहूर्त बारा पस्तीसचा असेल तर नाना बारा वीसला पहिल्या रांगेत. त्या वेळी कार्यालयात खुर्च्या पुसणारी दोन पोरं, ढोल उशाला घेऊन आडवा झालेला बँडवाला आणि आचारी एवढीच मंडळी. नवरदेव अजून मारुतीच्या दर्शनाला निघायचा असतो. बारा पस्तीस झाले की नाना गळ्यातलं स्टॉपवॉच दाबतात. दोनच्या पुढं कधीतरी अक्षता पडतात. मग नाना खिशातली वही काढून काहीतरी लिहितात आणि वधूपित्यापुढं जाऊन हात जोडतात. "एक तास सेहेचाळीस मिनिटं. थोरलीच्या वेळेला दोन तास दहा होते. सुधारणा हाय." वधूपिता बिचारा डोळे पुसत "तुमचा आशीर्वाद" म्हणतो.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हे पदाचं नाव फक्त पगारपत्रकावर. बसस्थानकावर त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, कंडक्टर नोंदीला आला की गाडीचा नंबर टिपायचा, माईकवरून अंबाजोगाई, परळी, पाथर्डी, गेवराई असं सांगत राहायचं आणि समोरच्या रजिस्टरात रकाने भरायचे, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर केबिन गेली, माईक गेला, रकाने तेवढे राहिले. वही दोनशे पानी, रकाने चार: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर, कारण. पहिले तीन रकाने घड्याळाचे, चौथा नानांचा. लग्नाच्या ओळीत तिथं असतं, "डीजे व व्याही". पावसाच्या ओळीत, "ठरलेली वेळ ७ जून, प्रत्यक्ष २५ जून, उशीर १८ दिवस, कारण कळविले नाही". अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीडकरांनी आपल्या गावातली प्रवासी रेल्वे पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. सगळं गाव इंजिनाला हार घालायला धावलं होतं. नाना वहीत वाकून लिहीत होते. उशीर: तीस वर्षं. कारण: मार्गात.

हा माणूस सायकल शर्यतीच्या नादाला कसा लागला, ते सांगायला हवं, कारण त्यांनी स्वतः सायकल चालवलेली गल्लीत कुणी पाहिलेली नाही.

नाना निवृत्त झाले ते कोरोनाच्या वर्षात. शेवटचे काही महिने आगारात गाड्या ओळीनं उभ्या आणि नियंत्रणाला एकही नाही. घरी आल्यावर त्यांचा हात सारखा माईक शोधायचा. त्या वर्षी टूर द फ्रान्सही जुलैतून उचलून सप्टेंबरात नेली होती, आणि नातू मोबाईलवर ती लावून बसायचा. आधी नाना लांबूनच बघत. दीडशे-पावणेदोनशे माणसं रंगीत कपडे घालून एका झुंडीत चाललीत, मध्येच चौघं पुढं पळतात, संध्याकाळी पुन्हा सगळे एकत्र. "ही काय शर्यत म्हणायची? ही तर जत्रेची गर्दी हाय," म्हणाले आणि उठून गेले.

मग आला १९ सप्टेंबर. शर्यत संपायला एक दिवस उरलेला. त्या दिवशी झुंड नव्हती. एका वेळी एकच माणूस उतरत्या फळीवरून सुटत होता. मागं माणूस सायकल धरून उभा, शेजारी दुसरा बोटं मोडून पाच, चार, तीन मोजतोय, आणि बरोब्बर सेकंदाला गडी बाहेर. थोडा वेळ गेला की पुढचा. सगळ्यात मागं पडलेला सगळ्यात आधी सुटणार आणि पहिल्या नंबरवरचा सगळ्यात शेवटी. नाना खुर्ची ओढून बसले. आयुष्यभर ज्या दृश्याची वाट पाहिली ते फ्रान्समधल्या एका डोंगराच्या पायथ्याशी चाललं होतं. सगळ्या गाड्या वेळेवर सुटत होत्या.

पहिल्या नंबरावर रोग्लिच. त्याच्यामागं सत्तावन्न सेकंदांवर पोगाचार, वय एकवीस, बावीस पुरं व्हायला दोन दिवस कमी. दोघंही स्लोव्हेनियाचे. छत्तीस किलोमीटरची वाट, शेवटी प्लांश दे बेल फीय नावाचा खडा चढ. सगळ्या जगानं रोग्लिच जिंकला असं धरून चाललं होतं. चढ लागला तसं नातवाच्या मोबाईलवरचं सत्तावन्न चाळीस झालं, वीस झालं, शून्य झालं, आणि रोग्लिच डोक्यावर वाकडं झालेलं हेल्मेट घेऊन वर पोचला तेव्हा पोगाचार एकोणसाठ सेकंदांनी पुढं गेला होता. तीन आठवड्यांची शर्यत एका तासात उलटली.

नानांनी त्याच रात्री नातवाला विचारून स्लोव्हेनियाची लोकसंख्या काढली. एकवीस लाखांच्या आसपास. "आपल्या जिल्ह्याची २०११ ला पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार होती," नाना दुसऱ्या दिवशी बार्शी नाक्यावरच्या चहावाल्यापाशी सांगत होते. "जिल्ह्याएवढा मुलूख न्हाई माणसानं, आणि पहिला-दुसरा दोन्ही नंबर त्यांचेच. आपण काय करायलोत? चहा प्यायलोत."

तेव्हापासून नानांचं तत्त्वज्ञान पक्कं झालं. ते नाक्यावर कुणालाही ऐकायला मिळतं. मागावं लागत नाही.

सायकलवाल्याचा खरा वैरी वारा. सपाटीवर वेग वाढला की पायांची निम्म्याहून जास्त ताकद हवा फाडण्यात जाते, आणि वेग दुप्पट केला की हवेचा रेटा चौपट होतो. पण पुढच्याच्या चाकाला चाक लावून चाललं तर हवा पुढचा फाडतो आणि मागच्याचे कष्ट तिसऱ्या हिश्श्यानं तरी वाचतात. म्हणून सगळे झुंडीत राहतात. त्यात आणखी नियम असा की झुंड एकत्र आली तर सगळ्यांना वेळ एकच. पहिला आणि शंभरावा यांच्यात रस्त्यावर अर्ध्या फर्लांगाचं अंतर असलं तरी कागदावर शून्य. सपाटीच्या टप्प्यात पहिल्या तिघांना दहा, सहा, चार सेकंदांची खिरापत मिळते, तेवढीच. एवढे दिवस पळून मोठे गडी जवळजवळ तिथंच. "म्हंजे हजेरी लागली सगळ्यांची," नाना म्हणतात. "काम कुणी किती केलं, त्याचा रकानाच न्हाई."

डोंगरात काही उलगडा होतो. तिथं वेग कमी म्हणून वारा कमी आणि आडोशाचा उपयोगही कमी. पण तिथंही सोबती असतात, पुढं राहून खेचणारे असतात. एकट्याच्या शर्यतीत मात्र आडोसा नाही. समोरचा गाठला तर त्याच्या मागं चिकटायला बंदी. बाजूनं अंतर ठेवून निघून जायचं, नाहीतर दंड. तिथं मिळवलेलं प्रत्येक सेकंद आपलं आणि गमावलेलंही आपलं. झुंडीत तीन आठवडे जी उधारी साचते ती या एका दिवशी वसूल होते. १९३४ साली टूरमध्ये अशी एकट्याची शर्यत पहिल्यांदा घेतली, तेव्हापासून आघाडीवरच्या माणसाची आदल्या रात्रीची झोप उडाली आहे.

हे ऐकून नाक्यावरची माणसं मान हलवतात. नाना तेवढ्यावर थांबत नाहीत, तिथून त्यांची गाडी बीडच्या मार्गाला लागते. "आता आपल्याकडं बघा. ह्यो ह्या साहेबांच्या मागं, त्यो त्या साहेबांच्या मागं. चाकाला चाक. गुत्तेदार पुढाऱ्याच्या आडोशाला, पुढारी त्याच्या वरच्याच्या. हवा कोण फाडतंय, कुणाला पत्ता न्हाई. एक दिवस एकेकाला खजाना विहिरीपासून सोडा म्हणावं, दोन-दोन मिनिटांनी. कळंल कुणाच्या पायात किती दम हाय." चहावाला अशा वेळी रेडिओ मोठा करतो. त्याच्या टपरीला परवाना लागतो.

पुतणीच्या लग्नासाठी स्थळं यायला लागली तेव्हा नानांनी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाला एकच प्रश्न विचारायचा धडाका लावला. "एकट्यानं काय केलंय?" मुलं गोंधळायची. शेती किती, तर वडिलांची. नोकरी कशी, तर मामांनी लावली. पुण्यात फ्लॅट, तर दाजींनी मिळवून दिला. नाना वहीत लिहायचे, "वेळ धरता येत नाही." एका मुलानं मात्र शांतपणे सांगितलं की रविवारी एकट्यानं चाळीस लोकांची खिचडी केली होती. नानांनी तिथंच होकार देऊन टाकला. पुतणीनं दिला नाही, हा भाग वेगळा.

१९८९ ची शर्यत नाना पोथी लावावी तशी लावतात, वर्षातून एकदा, जुलैत. व्हर्सायहून पॅरिसला साडेचोवीस किलोमीटर, शेवटचा दिवस. फ्रेंच फिन्याँ पन्नास सेकंदांनी पुढं, अमेरिकन लेमाँड मागं. लेमाँडच्या अंगात शिकारीतल्या अपघातात घुसलेले छर्रे तसेच, दोन वर्षांपूर्वीचे. त्यानं सायकलला पुढं कोपर टेकायचा दांडा लावला होता, डोक्यावर लांबट टोप, आणि आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की मध्ये वेळ सांगू नका, मला पळू द्या. फिन्याँचं डोकं उघडं आणि मागं केसांची शेपटी हवेत उडतेय. शिवाय बसायच्या जागी गळू झालेलं. हे नाना बायका आसपास नसल्या तरच सांगतात. लेमाँडनं अठ्ठावन्न सेकंद काढली. तीन हजार दोनशेच्या वर किलोमीटर झाल्यावर शर्यतीचा निकाल आठ सेकंदांचा लागला. "आठ सेकंद," नाना थांबतात आणि स्टॉपवॉच दाबून समोरच्याला ती आठ सेकंद गप्प बसवून दाखवतात. ती फार लांब असतात, हे मान्य करायला हवं. फिन्याँ याआधी दोनदा टूर जिंकलेला, तरी लोक त्याला आठ सेकंदांनी हरलेला म्हणूनच ओळखत राहिले. नानांच्या वहीत त्याची ओळ आहे. उशीर: ०-०-८. कारण: वेणी.

सेकंदाची किंमत बीडला समजावून सांगायची गरज नाही, असं मला वाटतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला, तेव्हा केनियाच्या किबिवोटला ८ मिनिटं ११.१५ सेकंद लागले आणि साबळेला ८ मिनिटं ११.२०. पाच शतांश सेकंदानं सोनं गेलं, चांदी आली. त्या रात्री नानांच्या वहीत रकाने भरलेले आहेत, पण कारणाचा मोकळा आहे. पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत साबळेनं सोनं आणलं, तेव्हा नानांनी गल्लीत पेढे वाटले, तेही सकाळी साडेसहाला. वेळ ठरलेली होती.

नानांच्या या सगळ्या बांधकामाला सुरुंग लावण्याची ताकद एकाच माणसात आहे, त्या म्हणजे नानी. त्यांना सायकलीतलं काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगतात आणि मग बोलतात.

२०२३ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या शर्यतीत, अखेरच्या आदल्या दिवशी पुन्हा एकट्याची शर्यत होती, मोंते लुसारीच्या चढावर. या वेळी मागं होता तोच रोग्लिच, पहिल्या नंबरावरच्या टॉमसपेक्षा सव्वीस सेकंदांनी. चढात ऐन मोक्याला त्याची चेन पडली. नाना ओरडले, नानी पोळ्या टाकून आल्या. रोग्लिच उतरला, चेन बसवली, पण तेवढ्या चढावर जागेवरून निघायचं कसं? कडेचा एक माणूस धावत आला आणि त्यानं मागून ढकलत नेलं. तो त्याचा जुना सोबतीच निघाला. रोग्लिच सायकलच्या आधी बर्फावरून उड्या मारायचा, तेव्हाच्या संघातला. तरीही रोग्लिचनं टॉमसला मागं टाकलं आणि जिरो चौदा सेकंदांनी जिंकला.

"बघितलं?" नाना छाती फुगवून. "एकट्यानं!"

"एकट्यानं कसं? धक्का दिला की त्या पोरानं."

"त्यो तेवढाच."

"आन् मागं फटफटीवर सायकल धरून कोण चालायलंय?"

"त्यो... त्याच्या संघाचा. पंक्चर झालं तर."

"हां. म्हंजे पंक्चर काढायला माणूस, पाणी द्यायला माणूस, रात्री पाय रगडायला माणूस. डबा कोण करतं त्याचा?" नानींनी पदराला हात पुसले. "अहो, तुमची बी शर्यत एकट्याचीच हाय म्हणायची मग. जेवायला चला, पोळ्या गार झाल्या तर कारण काय लिहिणार हायत?"

त्या दिवशी नानांनी वही उघडली नाही.

आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. तिच्या पुढं मात्र नाना घड्याळ खिशात टाकतात. एवढी माणसं, इतक्या दिवसांची वाट, रोज मुक्काम ठरलेला, आणि पालखी ठरल्या वेळी ठरल्या जागी. मी एकदा म्हणालो, "नाना, ही पण टप्प्याटप्प्यांचीच की, पण जिंकणारा कुणी नाही." नाना म्हणाले, "उशीरच न्हाई तर जिंकायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात ग्रँड टूर झाली, पाच दिवसांची, चारशे सदतीस किलोमीटरची, परदेशी संघ आलेले. नाना आदल्या रात्रीच्या गाडीनं लेकीकडं गेले. पहिल्या दिवशी शहराच्या मध्यवस्तीत साडेसात किलोमीटरची एकट्याची छोटी शर्यत होती, तिला प्रोलॉग म्हणतात. नाना बांबूच्या कठड्याला टेकून स्टॉपवॉच दाबत उभे, शेजारी पुणेकर. सुटणारा प्रत्येक गडी वेळेवर सुटतोय म्हटल्यावर नानांचे डोळे भरून आले. शेजारच्या पुणेकरानं विचारलं, "आपले कोणी आहेत का यात?" नाना म्हणाले, "सगळेच."

पण परत आले ते तक्रार घेऊनच. आयोजकांनी एकट्याची शर्यत आधी घेतली, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. आधी घेतली की फरक पडतो दोन-चार सेकंदांचा, लोक म्हणतात पुढं बघू, आणि नंतर झुंडीत सगळं झाकून जातं. शेवटी घ्या, मग बघा. मी म्हटलं की पुढचे टप्पे झुंडीतच संपणार असतील तर सुरुवातीची ती दोन-चार सेकंदं शेवटपर्यंत तशीच राहतात, म्हणजे पहिल्याच दिवशी अर्धा निकाल लागला की. नानांनी जरा विचार केला. "आसंल. पण गड्याला ते म्हाईत नसतं ना! भीती नसली तर ती कसली शर्यत? शेवटच्या दिवशी सगळं कागदावर असतं. किती मागं, किती पुढं, कुणाला काय गाठायचंय. रात्रभर झोप लागू नये माणसाला."

आणि ही भीती बीडमध्ये आणायचं त्यांनी मनावर घेतलं.

गावात पहाटे कपिलधारला जाणारा सायकलवाल्यांचा एक घोळका आहे. दातांचे एक डॉक्टर, त्यांची सायकल कार्बनची, किंमत ते सांगत नाहीत पण पत्नी सांगते. एक क्लासवाले सर. बँकेतला एक पोरगा. बाकी येऊन-जाऊन. फेब्रुवारीत त्यांनी तीन दिवसांची फेरी ठरवली: पहिल्या दिवशी मांजरसुंबा, केजवरून अंबाजोगाई, दुसऱ्या दिवशी परळी, तेलगाव करत माजलगाव, तिसऱ्या दिवशी वडवणीवरून परत बीड. नानांनी चौथा दिवस जोडला. खजाना विहीर ते मांजरसुंब्याचा चौक, घाट चढून, एकेकट्यानं. निजामशाहीतली ती विहीर, पाणी आटत नाही म्हणतात. नानांच्या मते सुरुवातीला पाणी असलं म्हणजे मध्ये थांबायला सबब उरत नाही.

पहिल्या तीन दिवसांत नानांचं तत्त्वज्ञान तंतोतंत खरं ठरलं. रोज सगळे एकत्र सुटले, एकत्र थांबले, एकत्र फोटो काढले आणि एकत्र पोचले. फक्त वडवणीत बाकीचे भज्यांच्या दुसऱ्या प्लेटसाठी रेंगाळले आणि डॉक्टर तेल खात नाहीत म्हणून पुढं गेले, तर ते बीडला अकरा सेकंद आधी आले. बाकीच्यांनी वडवणीपासून पाठलाग करून एवढंच अंतर उरवलं होतं. म्हणजे तक्त्यात डॉक्टर पहिले. सर आणि बँकवाला अकरा सेकंदांनी मागं. नाना त्या रात्री डॉक्टरांच्या घरी गेले, फक्त विचारायला, "झोप लागायलीय ना?"

चौथ्या दिवशी पहाटे विहिरीपाशी नाना कंडक्टरची जुनी घंटी आणि दोरी घेऊन हजर. घंटी बाभळीला बांधली. चहावाल्याचं पोरगं मागून सीट धरून उभं. एक टोल म्हणजे थांबा, दोन टोल म्हणजे चला, हा एसटीचा जगन्मान्य नियम. बँकवाला पहिला. नानांनी दोरी ओढली, डबल बेल वाजली, पण पोरानं सीट सोडलीच नाही. त्याला वाटलं, तिसरी वाजेल. बँकवाला जागच्या जागी पायडल मारत चार सेकंद उभा. "धर चार सेकंद जमेला!" नाना ओरडले. दोन मिनिटांनी सर सुटले. आणखी दोन मिनिटांनी डॉक्टर, चकचकीत अंगाला चिकटलेले कपडे, पाठीमागं उतरतं हेल्मेट.

पालीपाशी नानांनी नातवाला मोबाईल देऊन बसवलं होतं, मधली वेळ कळवायला. घाटाच्या बेचक्यात रेंज नव्हती, त्यामुळं लेमाँडचा नियम आपोआपच लागू झाला. नाना पुढं एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या जीपमधून चौकात पोचले.

सगळ्यात आधी बँकवाला आला आणि त्याची वेळ बघून नाना चरकलेच. इतक्या कमी वेळेत हा घाट कुणी चढला नसेल. घाम नाही. दम नाही. नाना जवळ गेले, चेहऱ्याकडं निरखून पाहिलं.

"तोंडात काय हाय?"

"काही नाही नाना."

"थुंक."

रस्त्यावर उसाचा चोथा पडला.

"घाटात दुकान न्हाई, हॉटेल न्हाई, रान कोरडं. ऊस आला कुठून?" कारखान्याला चाललेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, गाणी लावलेला, तेवढ्यात चौक ओलांडून केजकडं वळला. ड्रायव्हरनं बँकवाल्याला हात केला. अख्खा चढ पोरानं मागच्या ट्रॉलीची साखळी धरून काढला होता आणि कंटाळा आला म्हणून एक कांडं ओढलं होतं. नानांनी लाल पेननं ओळ मारली. कारण: साखर कारखाना.

मग सर आले, जीभ बाहेर, डोळे पांढरे. नानांनी सेकंद टिपलं. मग डॉक्टरांची वाट. चौकात सगळे उभे राहिले. डॉक्टर वळणावर दिसले तेव्हा सगळ्यांनी ओरडायला सुरुवात केली, कारण हिशेब अगदी काठावर होता. डॉक्टर रेघ ओलांडून आडवे झाले. नानांनी वहीत वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि वर पाहिलं. डॉक्टर सरांपेक्षा चौदा सेकंद जास्त लागून आले होते. त्यातली अकरा आधीची वळती. सर तीन सेकंदांनी पहिले.

"शक्यच नाही," डॉक्टर आडव्यानंच म्हणाले. "पायात दम होता माझ्या. फक्त पालीच्या पुढं एकदा थांबलो."

"कामून?"

"ॲप चालू करायचं राहिलं होतं. वेळ नोंदलीच नसती ना."

नाना बराच वेळ डॉक्टरांकडं बघत राहिले. वेळ मोजायला थांबून वेळ घालवलेला माणूस त्यांनी केबिनमध्येही पाहिला नव्हता. चौथ्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं, ते डॉक्टरांनी मला दाखवू दिलं नाही.

बक्षीस समारंभ साडेदहाला ठरला होता, चौकातल्या हॉटेलच्या पत्र्याखाली. प्रमुख पाहुणे म्हणून एका पुढाऱ्याला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, बीडमध्ये ते कुणालाही लागू होईल. साडेदहाला पाहुणे नाहीत म्हटल्यावर नानांनी स्वतःच शाल, नारळ आणि हवा भरायचा पंप सरांच्या हातात दिला, टाळ्या वाजवल्या आणि समारंभ संपल्याचं जाहीर केलं. एकूण चार मिनिटं.

बारा दहाला सायरन ऐकू आला. धुळीतून गाड्या आल्या, दारं उघडली, चौक भरून गेला. पाहुण्यांच्या स्वीय सहायकानं सरांच्या हातातला पंप काढून घेतला. "परत द्यायचा, फोटोपुरतं. विजेते कोण?" डॉक्टर उंचीनं आणि कपड्यांनी विजेते दिसत होते, त्यांना पुढं ओढलं. सरही काही बोलले नाहीत. त्यांच्या क्लासच्या बोर्डाचं काम पाहुण्यांच्या माणसाकडं अडलेलं होतं.

नाना वही घेऊन पुढं झाले. "रामराम साहेब. ठरलेली वेळ दहा तीस. आलात बारा दहा. उशीर एक तास चाळीस. कारण काय लिहू?"

साहेब मुरलेले. हसून म्हणाले, "नाना, लोक सोडत न्हाईत हो रस्त्यात."

"किती गाड्या होत्या पुढं-मागं?"

"चौदा-पंधरा असतील."

"पुढं कोण होतं?"

"पुढं पायलट गाडी असती आपली."

"मग वेळ धरता येत न्हाई," नानांनी लाल पेन काढला. "आडोशानं आलात."

सहायकाचा चेहरा पडला. साहेबांनी नानांच्या खांद्यावर हात टाकला. "मग पुढच्या वर्षी एकटा येऊ म्हणता?"

"या की. खजाना विहिरीपासून. दोन मिनिटं आधी सोडू तुम्हाला."

सगळे हसले, साहेबांच्या नंतर. फोटो निघाला. मधे साहेब, त्यांच्या हातात आणि डॉक्टरांच्या हातात मिळून एक पंप, दोन्ही बाजूंना गाड्यांतून उतरलेली माणसं तीन रांगांत. सर डाव्या टोकाला अर्धे आहेत. नाना फोटोत नाहीत. त्यांना केजहून येणारी बीड गाडी गाठायची होती.

गाडी सात मिनिटं उशिरा आली. दारातल्या कंडक्टरनं नानांना पाहिलं आणि आधीच हात जोडले. "नाना, आमची चूक न्हाई बरं का. पार मागच्या वळणापासून उभं केलं होतं." नानांनी आत जागा धरली, वही मांडीवर घेतली आणि लिहिलं. कारण: चौकात ताफा.